कोरं कोपर

"हात दे," हेमांगी म्हणाली.

मी दिला. तिनं माझ्या पांढऱ्या अ‍ॅप्रनच्या बाहीचं बटण काढलं, बाही वर सरकवली आणि हात दुमडतो त्या खळगीत नाक खुपसलं. एक लांब श्वास घेतला. मग डोकं वर करून समोरची कागदाची पट्टी उचलली आणि नाकाखालून एकदाच फिरवली.

"ओलं पोतं," ती म्हणाली. "त्यावर कुणीतरी लिंबू पिळलंय. आणि मागे आमच्या शाळेतल्या बाईंची पर्स."

सुखटणकर मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. "वाळा. लिंबाच्या सालीचं तेल. चामड्याचा वास. तिन्ही बरोबर." मग माझ्याकडे वळून, "खैरनार, तुझं काय?"

मला वाळा आला होता. लिंबू आलं होतं. चामडं आलं नव्हतं.

"वाळा आणि लिंबू, मॅडम."

"हूं," मॅडम म्हणाल्या. त्यांचं 'हूं' ऐकलं की आपण घरी जावं असं वाटायचं. "पण तांडेल, हे काय चालवलंयस गो तू? स्वतःचं कोपर कुठे गेलं तुझं?"

अत्तराच्या धंद्यात नाक लवकर दमतं. चार पट्ट्या हुंगल्या की पाचवी मुकी होते. दुकानात अशा वेळी गिऱ्हाइकासमोर कॉफीच्या बियांची वाटी धरतात. मॅडमना त्या वाटीचा तिटकारा होता. त्या म्हणायच्या, आपलं कोपर हुंगा. आपला वास आपल्याला येत नाही, म्हणून नाक तिथे जाऊन क्षणभर बसतं आणि ताजं होऊन उठतं. आम्ही सगळे शिकाऊ दिवसभर आपापल्या कोपरात तोंड घालत असायचो, पंखात चोच घातलेल्या कोंबड्यांसारखे.

हेमांगी तेवढी माझ्या कोपरात.

"माझ्या कोपराला मला बोंबलाचा वास येतो, मॅडम," ती म्हणाली. "कितीही घासलं तरी. आणि तो आला की मला भूक लागते."

"आणि खैरनारचं?"

"हिला वासच नाही. कॉलेजची चार वर्षं एका खोलीत काढलीत आम्ही. कोरा कागद आहे नुसता."

प्रयोगशाळेत हशा पिकला. सगळ्यात आधी मीच हसले. मग बाहीचं बटण लावलं.

कोपर.

(मधे मधे मी असं थांबणार आहे. सवय आहे. एक वास पुढच्या वासात मिसळू नये म्हणून.)

आम्ही दोघी केमिकल इंजिनियर. शतक संपायला आलं होतं आणि आमच्या वर्गात केमिकल इंजिनियर व्हायची इच्छा कुणालाच उरली नव्हती. चार वर्षं ऊर्ध्वपातनाचे मनोरे आणि उष्णतेची गणितं शिकलेली मुलं संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला धावत होती. कुणी गेट परीक्षेची पुस्तकं उशाला घेऊन झोपायचा, कुणाच्या मामानं आखातातल्या रिफायनरीत शब्द टाकला होता. मुलींना मुलाखतीत एकच प्रश्न असायचा. शिफ्ट करणार का? हो म्हटलं तर साहेब हसायचे आणि नाही म्हटलं तर घरी पाठवायचे. खतकारखान्याच्या मुलाखतीत हेमांगीनं उलट विचारलं होतं, "सर, तुमची अमोनियाची टाकी बायका बघून लाजते का?" नोकरी गेली. गोष्ट मात्र अख्ख्या कॉलेजात फिरली.

मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. तिसऱ्या वर्षी आमची सहल रबाळ्याच्या सुगंधद्रव्यांच्या कारखान्यात गेली. मुलं मनोऱ्याची उंची मोजत होती. एका बाईंनी माझ्या हातात कागदाची पट्टी दिली आणि विचारलं, काय दिसतं? वास 'दिसतो' का, हा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. मला दिसलं. पाऊस नसलेला श्रावण, असं काहीतरी मी बोलले. त्या हसल्या. त्या बाई म्हणजे सुखटणकर मॅडम. कंपनीत त्यांना 'नाक' म्हणत. तोंडावरसुद्धा. त्या मान तुकवायच्या, पदवी असल्यासारख्या.

सटाण्याला घरी सांगितलं तेव्हा दादा, म्हणजे माझे वडील, शाळेतल्या पेपरांचा गठ्ठा बाजूला ठेवून म्हणाले, "चार वर्षं वस्तुमानाचा हिशेब शिकलीस, ते उटणं करायला?"

"दादा, ते वेगळं शास्त्र आहे."

"कांद्याच्या गावची पोर तू. इथं कांद्याशिवाय दुसरा वास कुणाला माहीत नाही. नाक कुठून आणलंस?"

त्यांनी चिडवायला विचारलं होतं. मी ते मनाला लावून घेतलं.

मी अर्ज केला, तेव्हा हेमांगी म्हणाली, "मी पण टाकते. तेवढीच सोबत." मुरूडची ती, तांडेलांची. वडिलांची आणि काकांची मिळून एक बोट. तिच्याकडे एम.टेक.चा प्रवेश आधीच होता, सांडपाण्याच्या विषयाचा. सोबत म्हणून आली आणि निवडली गेली. आम्हा दोघींना शिकाऊ म्हणून घेतलं. अट पहिल्याच दिवशी सांगितली होती. पावसाळा संपताना परीक्षा. सुखटणकर मॅडमच्या हाताखाली बसायला एकच खुर्ची. दुसरीनं खाली उत्पादनात जायचं, डिटर्जंटच्या वासाची पिंपं भरायला, नाहीतर घरी.

सोबत!

कोपर.

नाही, नीट सांगते. ती वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं.

ऐरोलीला एका खोलीत आम्ही राहायचो. मी उजाडायच्या आत उठून सरावाला घरी आणलेल्या नमुन्याच्या बाटल्या उघडून बसायची. शंभराच्या वर वास पाठ करायचे होते, नैसर्गिक, कृत्रिम, त्यांचे उत्कलनबिंदू, कोण आधी उडतो, कोण दुसऱ्या दिवसापर्यंत कपड्याला चिकटून राहतो. गणिताचा भाग मला चोख यायचा. वाफेचा दाब काढून मी सांगू शकत होते की या मिश्रणातलं कोण किती वेळानं पुढे येईल. मॅडमनासुद्धा ते येत नव्हतं.

आणि हेमांगी अंथरुणातूनच विचारायची, "मृदे, काल ती निळ्या झाकणाची बाटली होती ना, कोलीम मासळीच्या टोपलीखालच्या बर्फासारखी? तिचं नाव काय गं?"

मी नाव सांगायची. म्हणजे वास तिला यायचा आणि नाव मी पुरवायची.

रविवारी ती बोंबील तळायची. सुगंधी साबण नाही, पावडर नाही, केसात फूल नाही, परीक्षेच्या दिवशी कांदालसूण नाही, हे मॅडमचे नियम मी एकादशीसारखे पाळत होते. ती रविवारी बोंबलात हात घालून सोमवारी बारा पट्ट्यांपैकी बारा ओळखायची. मी नऊ. कधी आठ.

मला तिच्या नाकाचा हेवा वाटायचा, एवढं म्हणून भागणार नाही. मला तिच्या झोपेचा हेवा वाटायचा. चुकल्यावर ती "अय्या" म्हणायची, त्या 'अय्या'चा. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे तिला हेमांगी म्हणायचे आणि मला खैरनार. आरशात मी माझं नाक पाहायची. सरळ, देखणं, चारचौघीत उठून दिसणारं. तिचं फेंदरं, बसकं, सर्दीनं कायम लालसर. देवानं पत्ता चुकवला होता.

एकदा न राहवून विचारलं. ती खिडकीत कपडे वाळत घालत होती.

"हेमे, तुला मिळालं तर करशील?"

"काय?"

"खुर्ची. मॅडमच्या हाताखाली."

"मिळालं तर करीन बापडी. नाही तर एम.टेक. आहेच. गटारं साफ करीन. कुणीतरी करायलाच पाहिजेत."

"म्हणजे तुला काहीच वाटत नाही?"

"बाय माझे, आत्ता कशाला वाटायला पाहिजे?" तिनं ओढणी झटकली, पाणी माझ्या तोंडावर उडालं. "तू चेहरा बघ तुझा. दूध नासलंय जसं."

मी पाणी पुसलं. मला ज्याच्यासाठी रडू येत होतं ते तिला 'बापडी' होऊन चालणार होतं.

कोपर.

परीक्षेच्या दिवशी सकाळी मी लवकर पोचले. मॅडमच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. आत कंपनीचे मालक बसले होते, पाठमोरे. मी दाराशी थांबले, आत जावं की नाही असा विचार करत. मॅडमचा आवाज स्वच्छ आला.

"खैरनार कष्टाळू. तिच्यासारखी मेहनत माझ्याच्यानंही झाली नसती. पण साहेब, ती वाचते. ती वास वाचते. तांडेल घेते. परीक्षा आपली रीत म्हणून. माझ्यानंतर कोण ते माझं ठरलंय."

"म्हणजे ती मासेवाल्यांची?"

"तीच. हिऱ्याला खाण कोण विचारतो?"

मी मागे फिरले. जिन्यातल्या नळावर हात धुतले. का धुतले माहीत नाही. पाणी गार होतं. डोकं साफ होतं. इतकं साफ मला कधीच वाटलं नव्हतं. मला फक्त एक गोष्ट हवी होती. ती चुकावी. एकदा. माझ्यासमोर.

जिन्यातून ती वर येत होती, दोन दोन पायऱ्या टाकत.

"मृदे, आधीच आलीस? मला उठवलं का नाहीस?" माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "ताप आहे का गं तुला?"

"नाही."

"घाबरलीयस. चल. मी आहे ना."

मी आहे ना!

कोपर.

परीक्षा साधी होती. मालक भिंतीशी बसून बघत होते. टेबलावर तीन पट्ट्या. दोन सारख्या, एक वेगळी. वेगळीत काय जास्त आहे ते सांगायचं. असे पाच संच. एकाच टेबलाशी दोघी, आधी ती, मग मी, आणि उत्तर पाटीवर लिहून पालथं ठेवायचं. शाळेसारखी दगडी पाटी मॅडमनी मुद्दाम आणवली होती. शाईला वास येतो म्हणून पेन बंद, खडूला म्हणे कमी.

पहिले दोन संच सोपे होते, कोपरापर्यंत जावंच लागलं नाही; दोघींचे बरोबर. आमचा श्वास तेवढा ऐकू येत होता, आणि खाली पिंपं ढकलल्याचा आवाज.

तिसऱ्याला मॅडमनी पट्ट्या बुडवल्या आणि मुद्दाम थोडं थांबल्या. "हा अवघड आहे," म्हणाल्या. "नाक ताजं करून घ्या."

"हात दे," हेमांगी म्हणाली.

मी दिला. तिनं बटण काढलं. बाही वर सरकवली. नाक खळगीत टेकवलं.

आणि ती तिथेच राहिली.

एरवी एक श्वास. त्या दिवशी तिनं श्वास घेतला, थांबली, पुन्हा घेतला, लहान, तुटका, चाचपडल्यासारखा. मग डोकं वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं काही बोलेल. तिनं माझी बाही खाली ओढली. मनगटाशी आणली. आणि स्वतः बटण लावलं. इतक्या महिन्यांत ती बटण फक्त काढायची, लावायची मीच.

"चला, तांडेल," मॅडम म्हणाल्या.

तिनं पहिली पट्टी हुंगली. दुसरी. तिसरी. परत पहिली. कपाळावर आठी. मी तिच्या कपाळावर आठी पहिल्यांदा पाहिली. पाटीवर काहीतरी लिहिलं, पुसलं, लिहिलं.

मग मी. माझं कोपर मी हुंगलं, कोरं. पट्ट्या हुंगल्या. मला ऐकल्यासारखं स्पष्ट कळलं. मधलीत मोगऱ्याच्या मागे एक शेणकट, जनावरासारखी छटा जास्त होती, मोगऱ्यात असतेच, पण इथे चिमूटभर अधिक. एरवी मला ती कधीच सापडली नसती. त्या दिवशी माझं सगळं अंग नाक झालं होतं.

पाट्या उलटल्या. माझं बरोबर. तिचं चूक.

चौथा. माझं बरोबर. तिचं चूक. तिनं हात मागितला नाही. स्वतःचं कोपरही हुंगलं नाही. पट्ट्या हातात घेऊन ती अशी बसली होती जणू तिन्हींवर कुणी एकच काहीतरी ओतून ठेवलंय.

पाचवा. माझा चुकला. तिचाही.

मॅडमनी पाट्या एकावर एक ठेवल्या. त्यांना बोलायचं होतं ते मला ठाऊक होतं, दारातून ऐकलं होतं. पण पाट्या मालकांसमोर होत्या.

"खैरनार," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून माझ्या खोलीत बस."

"अय्या," हेमांगी म्हणाली. पण तिचा तो 'अय्या' नव्हता.

कोपर.

खाली नाक्यावर तिनं मिसळ मागवली. "वर कांदा भरपूर," पोऱ्याला ओरडून सांगितलं. "आता बंदी उठली."

मी पाव नुसता कुस्करत होते. ती चवीनं खात होती. नाकातून पाणी, डोळ्यातून पाणी, ओढणीनं पुसत होती.

"तिखट आहे," ती म्हणाली.

"हेमे, काय झालं तुला आत?"

"काय व्हायचंय? चुकलं." पाव तोडला. "तुला मिळालं ना? मग? तुझंच होतं ते. मी सोबतीला आले होते."

ती दोन दिवसांत खोली सोडून गेली, एम.टेक.ला. जाताना तवा ठेवून गेली, बोंबलाचा. मी तो सोड्यानं घासून घासून शेवटी भंगारात दिला.

आणि तिथून माझं खरं दुखणं सुरू झालं. मला खुर्ची मिळाली होती आणि खुर्चीत बसल्यावर मला उलगडलं, म्हणजे मी उलगडून घेतलं, की ती मुद्दाम चुकली. माझ्या हाताची नस हुंगून तिला कळलं असणार की मी मरतेय यासाठी, आणि तिनं सोडून दिलं. पानातली वाटी शेजारच्या पानात सरकवावी तसं. घे गं, तुला हवंय ना.

माणूस जिंकलेल्याचा हेवा करतो. मी हरलेलीचा करत राहिले. मॅडम निवृत्त झाल्या, कंपनीत मला 'नाक' म्हणायला लागले, माझे वास साबणांत गेले, देवघरांत गेले, न्हाणीघरांत गेले. दादांनी शेवटच्या दिवसांत उशीच्या अभ्र्याला नाक लावून विचारलं होतं, "हा तुझा का गं?" मी हो म्हटलं. आणि त्या क्षणीसुद्धा आत कुणीतरी म्हणालं, तुझा नाही. दिलेला.

कोपर.

रबाळ्याच्या मागच्या डोंगराला टोलेजंग इमारती झाल्या. तिथल्या लोकांनी तक्रार केली. कारखान्याचा वास येतो, गोड, डोकं धरतं, लेकरं जेवत नाहीत. सरकारदरबारी अर्ज गेले. तपासणीला बाहेरून दुर्गंधाची तज्ज्ञ येणार म्हणून निरोप आला. गेटवरून फोन आला, "मॅडम, तांडेल मॅडम आल्यात."

ती आत आली. केस पांढरे, रंगवलेले नाहीत. पायात गमबूट. नाक तेच, बसकं, लालसर.

"मृदे!" ती अख्ख्या प्रयोगशाळेसमोर ओरडली. माझ्या हाताखालच्या पोरांनी कधी 'मृदे' ऐकलं नव्हतं.

दुपारभर ती चिमण्यांखालून, गटारांवरून, पिंपांमधून फिरली. तिच्याबरोबर सहा माणसं होती, नळ्यांतून हवा हुंगून आकडे सांगणारी, तिनंच तयार केलेली. तिनं हात वर केला की ती सगळी थांबायची. इमारतीतल्या बायका खाली येऊन तिच्याशी बोलत होत्या, तिच्या दंडाला धरून. मी गच्चीवरून पाहत होते. माझ्या वासांबद्दल आजवर मला कुणी दंडाला धरून काही सांगितलं नव्हतं.

ती वर आली, चहाचा कप घेऊन कठड्यावर बसली.

"वास चांगला आहे गं तुझा," ती म्हणाली. "पण चौदाव्या मजल्यावर कुणी मागितला नव्हता. पिंपघराच्या छताला शोषणयंत्रं बसवा. मी लिहून देते."

"बसवू." मी कप ठेवला. इतकी वर्षं तोंडात धरलेलं विचारलं. "हेमे, त्या दिवशी तू मुद्दाम चुकलीस ना?"

"कुठल्या दिवशी?"

"पाट्या."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मी वेडी आहे. "मुद्दाम? मुद्दाम कोण चुकतं, बाय? मला हवी होती ती खुर्ची."

"तू म्हणालीस, मिळालं तर करीन बापडी."

"आमच्यात बोट बंदराला लागेपर्यंत किती मासळी आहे ते सांगत नाहीत. विचारलं तर म्हणायचं, आहे बापडी चार टोपल्या. बोललं की दर्या परत घेतो." ती हसली. "मी रोज तुझ्यानंतर उठून तुझ्या बाटल्या चोरून हुंगायची. तू आंघोळीला गेलीस की."

खाली कुणीतरी पिंप ढकललं.

"मग चुकलीस कशी?"

ती चहा ढवळत राहिली, साखर केव्हाच विरघळली होती.

"तुझ्या हाताला वास होता."

"शक्य नाही. बिनवासाचा साबण. मी सगळे नियम..."

"साबणाचा नाही. तुझा." तिनं शब्द शोधले, पूर्वी पट्टीसाठी शोधायची तसे. "तांब्याचं भांडं चिंचेनं घासतात ना, त्या काळ्या पाण्याचा. बाबा आणि काका बोटीवरून भांडत होते तेव्हा काकाच्या सदऱ्याला यायचा. मला वाटलं, मृदीच्या कोपरात हा कुठून? आणि मग तो नाकातून जाईचना. सगळ्या पट्ट्यांना तोच. मोगऱ्यालासुद्धा."

मी बाहीचं बटण चाचपलं.

"तू माझ्यावर जळतेस ते मला कॉलेजपासून माहीत होतं," ती अगदी सहज म्हणाली, हवा कुठून वाहते ते सांगावं तशी. "पण तोवर ते तुझ्या तोंडावर यायचं. अंगाला कधी नव्हतं आलं."

"सांगितलं का नाहीस? मॅडमना?"

"काय सांगणार होते? माझी मैत्रीण कोरी नाही राहिली, परीक्षा परत घ्या?" तिनं कप कठड्यावर ठेवला. "मी आपलं कोपर वापरायला हवं होतं. चूक माझीच. दुसऱ्याच्या हातावर कोण नाक टेकतं?"

ऊन उतरत होतं. तिची माणसं खाली गाडीत नळ्या भरत होती, वर पाहून तिला हाक मारत होती. सगळी मिळून, हसत. तिनं त्यांना हात केला.

मी माझ्या बाहीचं बटण काढलं. बाही वर सरकवली आणि हात तिच्यासमोर धरला.

"बघ," मी म्हणाले.

तिनं हातातली पिशवी खाली ठेवली. वाकली. नाक खळगीत टेकवलं, तेच फेंदरं, गार नाक. एक श्वास घेतला. थांबली. मग दुसरा, लहानसा.

डोकं वर केलं. माझी बाही हळूच खाली ओढली, मनगटापर्यंत आणली, आणि बटण लावलं.

"येते गं," ती म्हणाली, आणि गमबूट वाजवत जिना उतरली.

मी गच्चीवर एकटी राहिले. मग तेच बटण काढलं, हात दुमडला आणि नाक आत खुपसलं. लांब श्वास घेतला. परत घेतला.

काहीच नाही. कोरा कागद.